भरतपूरच्या पाणथळीत चार दिवस

निवृत्तीनंतर माणसाने कोठे जावे, याविषयी आपल्या समाजात फारसा मतभेद नाही. शिखरजी, गिरनार, पालिताणा, श्रवणबेळगोळ. ज्याची जशी श्रद्धा आणि ज्याचे जसे गुडघे. आम्ही उभयतांनीही या यात्रा यथाशक्ती केल्या आहेत. पण या जानेवारीत आम्ही भरतपूरला जाऊन केवळ पक्षी पाहणार आहोत हे कळल्यावर घरात थोडी कुजबुज झाली. पन्नास वर्षे चादरींच्या पेढीवर बसलेले माझे थोरले बंधू म्हणाले, "पक्षी बघायला दीड दिवस गाडीत बसायचं? आपल्या गच्चीवर दाण्याला येतात ते कोण आहेत?"

त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आम्हाला ही गोडी लागली तीही घराजवळच. सोलापूरच्या हिप्परगा तलावावर मी निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जाऊ लागलो, मागाहून पत्नीही येऊ लागली. एका हिवाळ्यात तिने तेथे थापट्या बदकांचा थवा पाहिला आणि घरी येऊन बँकेच्या एका कोऱ्या डायरीत तारीख घालून त्याची नोंद केली. त्या डायऱ्या मी दरवर्षी आणीत असे आणि त्या माळ्यावर पडून राहत. आता त्यांतील तीन भरल्या आहेत. पुढे भिगवणला जाऊन उजनीच्या फुगवट्यावरचे रोहित पाहून झाले. भरतपूरचे नाव मात्र ती फार पूर्वीपासून घेत होती. छत्तीस वर्षांच्या नोकरीत अकरा बदल्या झाल्या, आणि प्रत्येक बदलीनंतर "पुढच्या हिवाळ्यात नक्की" असे मी म्हणत आलो. हे वचन मुदत संपल्यावर बऱ्याच वर्षांनी फेडले गेले, एवढे प्रथमच नमूद करतो.

कर्नाटक एक्स्प्रेसने सोलापूरहून निघून आम्ही आग्र्यास उतरलो. ग्वाल्हेरच्या पुढे धुक्याने गाडीला अडवले आणि चार तासांचा उशीर झाला. उत्तरेकडील जानेवारीत हे गृहीतच धरावे. आग्र्याहून भरतपूर मोटारीने सुमारे पंचावन्न किलोमीटर आहे आणि वाटेतच फतेहपूर सीक्री लागते. बुलंद दरवाजा पाहण्याइतका वेळ नव्हता. परंतु टेकडीवरील ते लाल दगडाचे नगर धुक्यातून दिसताच मी गाडी थांबवण्यास सांगितले. १५८३ साली आचार्य हीरविजयसूरी गुजरातमधून पायी विहार करीत येथेच अकबर बादशहाच्या भेटीस आले होते. त्यांच्या उपदेशावरून पिंजऱ्यांतील पक्षी सोडून देण्यात आले, पर्युषणाच्या सुमारास काही दिवस जीवहत्या बंद ठेवण्याचे फर्मान निघाले आणि नगराजवळच्या मोठ्या तलावातील मासेमारीही थांबविण्यात आली. आपल्या वाचकांना हा इतिहास ठाऊकच आहे. तो तलाव आता राहिलेला नाही. तेथून भरतपूर जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर आहे. या अंतराची मला दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवण होणार होती.

केवलादेव राष्ट्रीय उद्यान भरतपूर शहराला लागूनच आहे. क्षेत्रफळ २९ चौरस किलोमीटर; म्हणजे अरण्य या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे जे उभे राहते त्या मानाने लहानच. त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग पाणथळ आणि उरलेला गवताळ माळ व झाडी. एवढ्याशा जागेत साडेतीनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. प्रवेशद्वारापासून सरळ रस्ता दोन्ही बाजूंच्या बाभळी, बोरी आणि कळंबांच्या मधून सुमारे पाच किलोमीटरवरील केवलादेवाच्या शिवमंदिरापर्यंत जातो. मोटारीने आत फिरता येत नाही. पायी चालावे, भाड्याची सायकल घ्यावी, नाहीतर सायकलरिक्षात बसावे. आमच्या गुडघ्यांनी रिक्षाच्या बाजूने कौल दिला, आणि तो अत्यंत लाभदायक ठरला. कारण तेथील रिक्षावाले हेच पक्ष्यांचे खरे जाणकार आहेत.

आमचे रिक्षावाले पंचावन्नच्या आसपासचे, डोक्याला मफलर, हातात जुनी पण उत्तम दुर्बीण. प्रत्येक पक्ष्याचे नाव ते हिंदीत आणि इंग्रजीत सांगत आणि तो नर की मादी, या वर्षीचा की जुना, हेही. पहिल्या सकाळी धुके इतके दाट होते की रस्त्याकडेचे झाडसुद्धा सावलीसारखे दिसे. दिसत काहीच नव्हते, पण सर्वत्र आवाज होते. बदकांची कुजबुज, पंखांची फडफड, दूर कोठेतरी हंसांचा कंठस्वर. पत्नी म्हणाली, "पडदा पडलेल्या नाटकगृहात बसल्यासारखं वाटतंय." नऊच्या सुमारास पडदा वर गेला.

त्या दृश्याचे वर्णन करण्याचा मोह होतो, पण माझी लेखणी हिशेबाची आहे. तेव्हा जे पाहिले ते सांगतो. बांधाच्या डावीकडे पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत होती. एकेका झाडावर दहा-बारा घरटी. पिल्ले आईबापांच्या उंचीची झालेली, पण अंगावरचा रंग अजून मळका करडा, आणि अन्नासाठीचा आरडाओरडा तान्ह्या बाळांचा. उजवीकडे उघड्या पाण्यात तलवार बदके, थापट्या, वारकरी आणि पलीकडच्या गवतात पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिमालय ओलांडून येतो. आमच्या उजनीवरही तो उतरतो, पण तेथे दूरवर ठिपक्यांसारखा दिसे. येथे त्याच्या डोळ्यांची हालचाल दिसत होती. एका वाळक्या खोडाच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी ऊन खात बसली होती, डोळे अर्धवट मिटून, दुपारच्या गल्ल्यावरच्या शेठजींसारखी.

तलवार बदकांच्या पायांत कधी काळी येथेच कडी घातली गेली. डॉ. सालिम अली आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी भरतपूरला पकडून कडी घालून सोडलेली बदके पुढे थेट सैबेरियात आणि मध्य आशियात सापडली. या पाहुण्यांचे माहेर कोठे आहे हे त्यावरून सिद्ध झाले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर येथे काढलेली हुंडी तिकडे वटली.

मंदिराच्या अलीकडे एका उथळ डबक्यात, शेवाळाच्या आणि पानांच्या तरंगत्या गादीवर, लांब बोटांचा एक तपकिरी पक्षी पावले मोजीत चालला होता. रिक्षावाल्यांनी नाव सांगण्याआधीच पत्नी पुटपुटली, "कमळपक्षी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, हा आपल्या तळ्यात होता. आठवतो का? क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यातून दिसायचा." मी "हो" म्हटले आणि दुर्बिणीचे भिंग पुसू लागलो. त्या 'हो'चा पुढचा भाग पुढे येईल.

येथे भोजनाविषयी थोडे, कारण आपल्या वाचकांपैकी कोणी जाणार असतील तर हाच पहिला प्रश्न विचारतील. भरतपूर भागात शाकाहारी भोजनाची अडचण नाही. कांदा-लसूण नको असे आदल्या दिवशी सांगितले की कोणी कपाळाला आठ्या घालीत नाही. अडचण वेगळीच आहे. जानेवारीत तेथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि पक्षी पाहण्याची सर्वांत सुंदर वेळ नेमकी त्याच्या आधीचा तास. थवेच्या थवे रातथाऱ्यास परततात तेव्हाच आपल्याला ताटावर बसायचे असते. आम्ही तोडगा काढला तो सोलापुरी होता. कडक भाकरी, लसूण न घातलेली शेंगाची चटणी आणि दशम्यांचा डबा रिक्षात ठेवायचा, साडेचारला बांधावरच्या बाकावर उरकून घ्यायचे आणि उकळून आणलेले पाणी पिऊन पुन्हा दुर्बीण उचलायची. फक्त माकडांपासून सावध राहावे. पहिल्या दिवशीची एक दशमी एका वानराने आमच्या देखत नेली. त्याला रात्रिभोजनाचा नियम नसावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही केवलादेवाच्या मंदिरापाशी पोहोचलो. मंदिराजवळ दगडी फलक आहेत आणि त्यांवर इंग्रजीत कोरलेल्या ओळी. दूरून मला तो देणगीदारांच्या नावांचा फलक वाटला, जसा आपल्या प्रत्येक धर्मशाळेत असतो. जवळ जाऊन पाहिले तो रकाने होते. तारीख, प्रसंग, आलेले पाहुणे, आणि मारलेल्या पक्ष्यांची संख्या.

१ डिसेंबर १९०२, व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, ५४०. २० नोव्हेंबर १९१६, लॉर्ड चेम्सफर्ड, ४,२०६. १२ नोव्हेंबर १९३८, लॉर्ड लिनलिथगो, ४,२७३. हे सर्व आकडे एकेका दिवसाचे. आयुष्यभर आकडे वाचले असल्याने मी सवयीने मनात भागाकार केला. शिकारीचा दिवस आठ तासांचा धरला तर १९३८ च्या त्या दिवशी मिनिटाला सुमारे नऊ पक्षी पडले. ओळी पुढे चालूच राहतात. स्वातंत्र्य येते, पाहुण्यांची नावे बदलतात, रकाने तेच राहतात. शेवटच्या नोंदी १९६० च्या दशकातील आहेत. सीक्रीपासून वीस-बावीस किलोमीटर.

पत्नीने दोन-तीन ओळी वाचल्या आणि ती मंदिराच्या पायरीवर जाऊन बसली. मी मात्र सगळा फलक वाचून काढला. खोटे कशाला बोलू, त्यातील टापटीप मला आवडली. तारखा व्यवस्थित, रकाने सरळ, कोठे खाडाखोड नाही. उत्तम ठेवलेली खातेवही मी दुरून ओळखतो. आणि ते लक्षात आल्यावर मला माझाच राग आला.

यात एक गुंता आहे, तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. ही पाणथळ निसर्गाने जशीच्या तशी दिलेली नाही. मुळात हा सखल भाग. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध बांधला गेला आणि पुराचे पाणी येथे साठू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूर संस्थानने लहान बांध, दरवाजे आणि कालवे घालून ही तळी तयार केली ती बदकांच्या शिकारीसाठीच. व्हाइसरॉयांना बोलावण्यासाठी. बंदुका नसत्या तर ही तळीही बहुधा नसती, आणि आज येथे गहू-मोहरीची शेते असती. स्वातंत्र्यानंतर ही जमीन शेतीला द्यावी अशी मागणी झालीच होती. सालिम अलींसारख्यांनी ती थोपवली म्हणून हे पाणी टिकले. म्हणजे ज्या हातांनी मारले त्यांनीच जागा राखली. जमेला काय धरायचे आणि नावे काय टाकायचे? मी त्या फलकापुढे उभा राहून बराच वेळ ताळेबंद जुळवीत होतो. तो जुळला नाही.

जुळणार कसा? माझ्या स्वतःच्या वहीतली एक नोंद मधे येत होती.

१९९३ साली मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. बँकेच्या क्वार्टरमागे गावतळे होते. कडेने पाणवनस्पती, मधे थोडे कमळ. तळ्याच्या वरच्या अंगाला रस्त्यालगत साडेतीन एकर जमीन होती, जी वर्षातील आठ महिने ओली असे. गावातील एका सचोटीच्या व्यापाऱ्याने ती घेऊन तेथे भुसार मालाचे गोदाम बांधण्यासाठी कर्ज मागितले. कागदपत्रे चोख, तारण भक्कम. स्थळपाहणीला मी स्वतः गेलो, बूट चिखलात भरले, आणि अहवालात लिहिले : सदर जमीन पाणथळ व निरुपयोगी असून भराव घातल्यास व्यापारी उपयोगास योग्य आहे. खाली माझी सही. कर्ज मंजूर झाले. भरावाचे मुरूम-दगड तळ्यातही सरकले, पाणी येण्याची वाट बुजली, आणि दोन पावसाळ्यांत तळ्याचे डबके झाले. कर्जाचा एकही हप्ता थकला नाही. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी त्या खात्याचा दाखला इतर शाखांना दिला. नियमाच्या दृष्टीने आजही मला त्यात चूक काढता येणार नाही. फलकावर मारलेल्यांची संख्या तरी कोरलेली होती. माझ्या अहवालात पक्ष्यांसाठी रकानाच नव्हता.

त्या संध्याकाळी बाकावर डबा उघडल्यानंतर मी हे पत्नीला सांगितले. तीस वर्षांत प्रथमच. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारले, "तुम्ही नाही म्हटला असता तर?"

"दुसऱ्या बँकेने दिलं असतं."

"म्हणजे तळं जायचं ते गेलंच असतं."

"बहुतेक."

ती थोडा वेळ समोर पाहत राहिली. वारकऱ्यांचा काळा थवा पाण्यावर एका बाजूस सरकत होता. "मग त्या वर्षी मी विचारलं होतं तुम्हाला, पक्षी का येईनात म्हणून. तुम्ही म्हणालात, हंगामाचे असतात, येतील. मी तीन वर्षं व्हरांड्यात वाट पाहिली, आपली बदली होईपर्यंत." मग डब्याचे झाकण लावत म्हणाली, "कर्जाचं जाऊ द्या हो. ते तेवढं सांगायला हवं होतं."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

तिसऱ्या दिवशी ती रिक्षात नेहमीप्रमाणे बसली, नेहमीप्रमाणे डायरी उघडली, आणि माझ्याशी फारसे बोलली नाही. रिक्षावाल्यांशी मात्र खूप बोलली. त्यांच्याकडून तिने जे काढून घेतले ते मला कोणत्याही पुस्तकाहून मोलाचे वाटते. त्यांचे गाव उद्यानाच्या भिंतीलगत. लहानपणी त्यांच्या घरी आठ म्हशी होत्या आणि त्या याच तळ्यांत चरत, डुंबत. १९८१ मध्ये या पाणथळीला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळाले, १९८२ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि त्याबरोबर गुरे चारण्यास पूर्ण बंदी आली. गावकरी चिडले, गर्दी जमली, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसे गेली. "पिताजी ने सारी भैंसें बेच दीं," ते म्हणाले, आणि रिक्षा ओढीत राहिले.

पुढचा भाग मी वाचून जाणतो. म्हशी गेल्यावर पाण्यातील गवत बेसुमार वाढले, उघडे पाणी झाकले जाऊ लागले, बदकांना आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांना जागा उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दहा वर्षांच्या अभ्यासात असे दिसून आले की म्हशी हे गवत आवरून धरीत होत्या. बंदी घालणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. जीवदयेच्या कार्यात पिढ्यान्‌पिढ्या पैसा घालणाऱ्या आपल्या घरांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे, असे मला तेथे वाटले. हेतू शुद्ध असला तरी एकूण व्यवहार नीट पाहावा लागतो; आणि तोही गुरे, गवत, माणसे आणि पक्षी या सगळ्यांची खाती एकत्र मांडून. मी एकच खाते पाहिले होते.

पाण्याचीही अशीच ओढाताण आहे. गंभीर नदीवर वर करौली भागात पांचना धरण झाले आणि खालचे पाणी आटले. या शतकाच्या पहिल्या दशकात अशी वर्षे आली की येथील तळ्यांना भेगा पडल्या आणि हजारो पक्षी आलेच नाहीत. वरच्या शेतकऱ्यांना शेतीसाठी पाणी हवे होते, त्यांचेही काही खोटे नव्हते. पुढे गोवर्धनकडील नाल्याचे पाणी नळाने आणण्याची योजना झाली, चंबळचे पाणीही देण्यात आले. आज जे दिसते ते पंपाने आणि परवानगीने चालणारे रान आहे. पाणी हेच येथील भांडवल, आणि ते दरवर्षी नव्याने उभे करावे लागते.

एक पक्षी मात्र कितीही पाणी आणले तरी परतला नाही. पांढराशुभ्र सैबेरियन क्रौंच, लाल चेहरा आणि काळी पंखटोके. सैबेरियातून अफगाणिस्तानमार्गे हजारो किलोमीटर उडत तो भारतात हिवाळ्यासाठी येई तो मुख्यतः या तळ्यांवर. १९६४-६५ च्या हिवाळ्यात सुमारे २०० पक्षी होते. वाटेतील शिकार आणि आटलेली तळी यांमुळे संख्या घटत गेली, आणि २००२ साली शेवटची जोडी दिसली. रिक्षावाल्यांनी ती पाहिली होती. कोठे उभी असे ती जागा त्यांनी बोट करून दाखवली. तेथे आता एक करडा बगळा उभा होता. हा क्रौंच येथे चिखलातील कंद उकरून खात असे, असे ते सांगू लागले, तेव्हा पत्नी दोन दिवसांत प्रथमच हसली. "एवढा व्रतस्थासारखा पांढराशुभ्र, आणि जेवण कंदमुळांचं!" मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "लिहा हे तुमच्या लेखात." लिहिले आहे.

बाकीचे वन्यजीव थोडक्यात. नीलगाई बांधावरून आपल्या ओळखीच्या माणसांकडे पाहावे तशा पाहतात. चितळ आणि कोल्हे रोज दिसले. दुपारी ऊन चढल्यावर साळिंदराच्या बिळाच्या तोंडाशी एक अजगर अंग पसरून पडला होता. थंडीत हे अजगर साळिंदराच्या बिळांत बिऱ्हाड करतात आणि उन्हाला बाहेर येतात. आम्ही पुरेसे लांब उभे राहिलो. त्याने आमची काहीच दखल घेतली नाही.

अजगरापेक्षा कठीण गेले ते तिरंदाजाचे. हा लांब मानेचा पक्षी पाण्यात बुडी मारून भाल्यासारख्या चोचीने मासा टोचतो, वर येऊन तो हवेत उडवतो आणि डोक्याकडून गिळतो. पहिल्या दिवशी पत्नीने तोंड फिरवले होते. अहिंसेचे संस्कार झालेल्या घरात हे पाहणे सोपे नसते, आणि पक्षी पाहायला जायचे म्हणजे हे पाहावेच लागते, हे जाण्यापूर्वी मनाशी ठरवावे. चौथ्या दिवशी तिने तोच तिरंदाज पंख पसरून वाळवीत बसलेला पाहिला आणि बराच वेळ दुर्बीण खाली घेतली नाही. मी विचारले, तेव्हा म्हणाली, "त्याला पोट आहे. त्याने एक घेतला, मोजून. त्या फलकावरच्यांना कसलं पोट होतं?"

शेवटच्या सकाळी आम्ही पहाटेच गेलो. धुके पहिल्या दिवसासारखेच. गवताळ भागाच्या कडेला रिक्षावाल्यांनी पाय टेकले आणि बोट ओठांवर ठेवले. समोरच्या पांढऱ्या पडद्यामागून तुतारीसारखा एक स्वर आला, त्याला तसाच दुसरा जोडून. सारसाची जोडी. नर आणि मादी मिळून हाक देतात, एकाचा स्वर संपण्याआधी दुसऱ्याचा उठतो, ऐकणाऱ्याला एकच आवाज वाटतो. पंधरा मिनिटांनी धुक्यातून माणसाच्या उंचीच्या दोन राखाडी आकृती चालत बाहेर आल्या, लाल माना उंच धरून, आमच्यापासून पन्नास पावलांवर. पत्नीने माझा कोट धरला होता. किती वेळ ते डायरीत लिहिलेले नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी : डिसेंबर-जानेवारी सर्वांत चांगले. लोकरीचे कपडे आपल्याला वाटतात त्याच्या दुप्पट न्यावेत. किमान तीन दिवस ठेवावेत, म्हणजे धुक्याने एक सकाळ खाल्ली तरी चालते. रिक्षावाला एकच धरावा आणि त्याच्याशी बोलावे. परतीच्या वाटेवर मथुरेजवळ चौरासीला जंबूस्वामींच्या निर्वाणभूमीचे दर्शन घडते. आम्ही तेथे एक दिवस थांबलो.

परतीची गाडी आग्र्यास तीन तास उशिरा असल्याची घोषणा झाली. फलाटावरील बाकावर पत्नी डायरी लिहीत बसली. चार दिवसांत सत्त्याण्णव जाती झाल्या होत्या. माझ्या मते अठ्ठ्याण्णव, पण एका तुतवारावरून आमचा वाद आहे. लिहून झाल्यावर ती म्हणाली, "फाल्गुनात लातूरला भाच्याच्या मुलाचं लग्न आहे. तिथून आपलं ते गाव किती लांब?"

"चाळीस किलोमीटर असेल."

"जाऊन येऊ. पाणी आहे का, काय आहे, बघून येऊ."

मी होय म्हटले. गाडी त्यानंतर आणखी दोन तासांनी आली.